जळका नग

म्हापशाला, शुक्रवारच्या गर्दीत, मिनेझिसच्या दुकानात
मिक्सर आणि इस्त्र्यांच्या वरच्या फळीवर
तो होता, पांढरा, दोन भिंगांचा,
खोक्याचा कोपरा चिकटपट्टीने सावरलेला.
चव्वेचाळीस हजारांवर काट.
त्याखाली अठ्ठावीस, त्यावरही काट.
शेवटी पेनाने लिहिलेलं : पंधरा.

"हांव सांगून विकतां, पात्रांव," मिनेझिस म्हणाला.
गिऱ्हाईक कळंगुटचं. चार दिवसांत परत आलं.
गॅलरीतल्या खुर्चीवर हा उताणा ठेवून जेवायला गेलेलं,
ऊन भिंगातून आत शिरलं
आणि डाव्या पडद्यावर डाग पडला, जळल्याचा.
कंपनी हात लावत नाही.

मी वाळपईला काजूच्या कारखान्यात निवडायला बसतो.
अठरा वर्षं.
अख्खा, पाकळी, तुकडा, जळका.
जळका खाऊन बघा, डोळे मिटून,
ओळखणार नाही तुम्ही.
दर डोळ्यांचा असतो, जिभेचा नसतो.
म्हणून विचारलं, "डावाच ना?"
"डावाच."
"नक्की?"

माझा डावा डोळा आहे, म्हणजे जागेवर आहे.
लवतो, रडतो, कांदा चिरताना उजव्याइतकाच.
पण सातव्या वर्षी बांबोळीला डॉक्टरीणबाईंनी
त्याच्यापुढे बोटं नाचवली आणि आईला म्हणाल्या,
उशीर केलात. डोळा सांगतोय,
मेंदूनं ऐकणं सोडलंय.

तर हा नग माझ्यासाठीच जळला होता.
चौदाला तुटला. वर एक हेडफोन फुकट.
त्याला वाटलं मी भोळा, मला वाटलं तो.
वाळपईच्या बशीत खोकं मांडीवर घेऊन बसलो,
साखळीला चढलेली बाई म्हणाली, "कुकर?"
"हो," म्हटलं.

कन्सोल घरात होताच, टीव्हीखाली,
भावोजी जहाजावर जाताना ठेवून गेलेले.
जेवणं झाल्यावर बहिणीने टीपॉय ओढून घेतला,
मी पट्टा आवळला
आणि बर्फात उभा राहिलो.
बर्फात. पायात रबरी चपला.
पुढे कडा, खाली दरी,
गुडघे खरोखरचे वाकले,
हात शोकेसला लागून एक बशी फुटली, तीही खरीच.
म्हणतात की यात खोली दिसते.
मला खोली दिसली नाही, ती कधीच दिसत नाही,
भीती मात्र पुरेपूर वाटली.
चौदा हजारांत आणखी काय हवं.

मग दुर्वाने घातला.
भाची, दहा वर्षांची, दोन्ही डोळे अख्खे.
आधी गप्प.
मग हात वर करून हवेत काहीतरी पुसू लागली.
"मामा, आभाळाला डाग आहे."
"कुठे?"
"बघते तिथे. मान वळवली की तोही वळतो.
पिवळट आहे, मध्ये काळा.
तुला नाही दिसला?"

मी परत चढवला. आभाळ स्वच्छ.
वीस वेळा बघितलं असतं तरी स्वच्छ.
मग उजवा डोळा मिटला, बोटाने दाबून मिटतात तसा घट्ट,
आणि डाव्याला म्हटलं, बाबा, तू बघ.

धुकं. दुधात पाणी, पाण्यात दूध.
कडा गेला, दरी गेली,
बराच वेळ काहीच नव्हतं,
दुसरं कुणी बोलणारं नसलं
की माणूस भिंतीचंही ऐकतो, तसा
मेंदू बसून राहिला असावा.
आणि त्या पांढऱ्यात एका जागी
जरा कमी पांढरं होतं.
तीळ म्हणा. कळंगुटचं ऊन म्हणा,
कुणाच्या तरी जेवणाच्या वेळचं.

"आहे गं," मी म्हणालो.
"मग उद्याच परत दे त्याला," बहीण म्हणाली,
ती खाली बसून बशीचे तुकडे निवडत होती.
मी बोललो नाही.
डोळा हलला तर सुटेल,
म्हणून नुसता उभा होतो.